फटीतली शीळ

१९ नोव्हेंबर १९५२, बुधवार. अंबरनाथ

बकुळा आज माहेरी आली. जावई शरदचंद्र स्वतः पोचवायला आले होते. ते बदलापूरला राहतात, कारखान्यात कारकून आहेत, म्हणून त्यांना वह्यांचा भारी शौक. जाताना ही वही माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "मामा, दिवसभर तुम्ही इतकं बोलता, त्यातलं थोडं लिहून ठेवत जा." मी म्हणालो, "बापू, माझे हात कोळशाचे. वहीच काळी व्हायची." हसले. पण कोरा कागद बघून मलाही हुरूप आला.

तर मी दौलतराव. चौदाव्या वर्षी घाटावरून खाली आलो. काडेपेट्यांच्या कारखान्यात लाकडं वाहिली. लढाईत इथं शेजारी मिलिटरीची छावणी पडली, तिला कोळसा पुरवला. छावणी उठली, तिच्या बराकींत सिंधी लोक येऊन राहिले, उल्हासनगर झालं, आणि माझी वखार आहे तिथंच राहिली. लोक कोळसा डोळ्यांनी घेतात, मी कानांनी घेतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे. काचेसारखे खणखणले तर माल पक्का भाजलेला, धूर करायचा नाही. भद् वाजले तर परत गाडीत.

बकुळा बरी दिसते. पोटावर हात ठेवून चालते. दोन वर्षांपूर्वीही अशीच आली होती. तेव्हा आमचं घर पत्र्याचं होतं, वारा चहूकडून शिरायचा. तेराव्या दिवशी मूल गेलं. सुईण म्हणाली, वारा बाधला. आणि बदलापूरच्या विहीणबाई, त्यांना सगळे माई म्हणतात, त्या माझ्या तोंडावर म्हणाल्या, "कोळशाचे व्यापारी, आणि लेकीच्या खोलीला ऊब नाही."

ते वाक्य अजून कानात आहे. या खेपेला वाऱ्याला आत पाऊल टाकू देणार नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

बाळंतिणीच्या खोलीचं काम काढलं. नव्या घराची पूर्वेकडची खोली घेतली आहे. कौलांखाली फळ्यांचं सपाट छत ठोकलं. फळ्या छावणीच्या, सागवानी, सरळ. खिडकीला आतून ताडपत्री. दाराच्या चौकटीला कांबळ्याची पट्टी मारली. सुतार म्हणाला, "दौलतराव, पेटी बनवताय का खोली?" मी म्हणालो, "पेटीच म्हण. आत सोनं ठेवायचं आहे."

बाहेर वारा असला की मी भिंतीला कान लावून फिरतो. जिथं फट असते तिथं ती बोलते. डोळ्यांना न दिसणाऱ्या सात फटी आज कानांनी शोधल्या, चुन्यानं भरल्या. ही म्हणते, भिंतीला कान लावून फिरताना शेजाऱ्यांनी बघितलं तर आपलं काय म्हणतील? ही म्हणजे बकुळाची आई. तिचं नाव कौसाबाई, पण आजवर कधी घेतलं नाही, वहीत तरी कशाला घ्यायचं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

वखारीत आज हशा झाला. उल्हासनगरचा सिंधी टेकचंद आला होता, त्याची म्हातारी अम्मा बरोबर. हे लोक मूळचे शिकारपूरचे, पण दुकान क्वेट्ट्याला होतं. तिथं हिवाळ्यात बर्फ पडतो. मी गिऱ्हाइकांना सांगत होतो की लेकीच्या बाळंतपणासाठी एक एक तुकडा वाजवून निवडतो आहे, दिवसरात्र शेगडी ठेवणार, खोलीत वाऱ्याची एक रेघ येणार नाही.

अम्मा म्हणाली, "अंदर जलाके सोयेगी? दरवाजा बंद?"

"हां अम्मा. एकदम बंद."

"ऐसा नको करो साईं. हमारे क्वेटा में बरफ गिरती थी, तो भी सोने से पहले सिगडी बाहर. बंद कमरे में कोयला आदमी को सुला देता है."

मी म्हणालो, "अम्मा, आपका कोयला धुआँ करता होगा. हमारा बिनधुराचा है."

त्यावर ती म्हणते, "धुआँ तो भला है. खाँसी तो लाता है."

सगळे हसले. मीही हसलो. टेकचंद जरा ओशाळला. म्हणाला, अम्मा पुरानी है. मला वाटतं, मालात खोट काढून भाव पाडायची ही तिची तऱ्हा. गोड बोलून दोन पोती जास्तच दिली.

३० नोव्हेंबर, रविवार

एक फट राहिली होती. तीन दिवस नुसती ऐकू यायची, सापडत नव्हती. वायव्येच्या कोपऱ्यात, छत आणि भिंत जिथं मिळतात तिथं. बोटाएवढीसुद्धा नाही, पण वारा सुटला की बारीक शीळ घालायची. आज शिडी लावली.

बकुळा दारात उभी होती. म्हणाली, "आबा, ती असू द्या ना."

"का गं?"

"पत्र्याच्या घरात अशीच वाजायची. मला त्यावर झोप लागते."

मी म्हणालो, "बाळा, त्या शिळेनंच तुझं पहिलं नेलं."

मी लांबी, सुतार भरतात तो लगदा, फटीत भरून बोटानं दाबली. आवाज बंद. खोलीत उभं राहिलो तर स्वतःच्या रक्ताचा आवाज येतो इतकी शांतता. मनात म्हणालो, आता माईंनी येऊन बघावं.

११ डिसेंबर, गुरुवार

पहाटे बकुळा सुटली. मुलगी. दोघी सुखरूप. ही जराशी हिरमुसली, मी नाही. मुलीच्या पहिल्या रडण्यावरूनच ओळखलं, माल पक्का आहे. गोजरबाई सुईण म्हणाली, "दादा, तुमच्या वाणीची आहे, गावभर ऐकू जाईल."

शेगडी मी पेटवली. आधी अंगणात फुलवली, निखारा लाल झाला, धुराचं नाव नाही, मगच बाजेखाली सरकवली. वरून ओवा आणि शेपा टाकल्या. वास घरभर.

१६ डिसेंबर, मंगळवार

काल पाचवी पुजली. पोर सारखं रडतं. गंमत अशी की बाहेर ओटीवर हिच्या मांडीवर आणलं की गप्प. ही म्हणते, दृष्ट लागली आहे, मीठमोहऱ्या उतरते.

गोजरबाई आज दार किलकिलं ठेवून बकुळाचं अंग रगडत होती. मी रागावलो. ती म्हणाली, "दादा, आत मला गुदमरल्यासारखं होतं. डोकं ठणकतं."

"डोकं ठणकतं का मिश्री लावायला बाहेर जायचंय?"

ती हसली, पण कपाळ दाबत गेली. म्हातारी झाली आहे. पुढच्या बाळंतपणाला दुसरी बघावी लागेल.

१९ डिसेंबर, शुक्रवार

बकुळाचंही डोकं दुखतं. सकाळी उठते ती डोकं धरूनच. आज खीर उलटली. पण न्हाणीघरात नेलं, मग तासभर मागल्या दारी उन्हात केस वाळवत बसवली, तर अगदी टवटवीत. माझ्याशी थट्टा करत होती. म्हणाली, "आबा, तुमच्या पेटीत मला ठेवलंय आणि किल्ली हरवलीय." परत खोलीत गेली, दुपारपर्यंत पुन्हा मलूल.

गोजरबाई म्हणते वात आहे. न्हाणीत अंग उघडं पडतं, तिथं वारा लागत असेल. हिचं आणि माझं ठरलं, न्हाणं आता खोलीतच घालायचं आणि शेक वाढवायचा.

मनात एक बारीकसं येऊन गेलं की उन्हात बरी होती. मग वाटलं, ऊन म्हणजे ऊबच की. शेगडीत निखारे वाढवले.

२२ डिसेंबर, सोमवार

उद्या तेरावा दिवस. घरात कुणी बोलत नाही, पण प्रत्येकाच्या तोंडावर तेच आहे. बारसंसुद्धा मुद्दाम तेराव्यानंतर ठेवलं आहे. हवा आज कडक. मोरिवलीकडून येणाऱ्या माणसांच्या तोंडातून वाफ निघत होती.

मी स्वतः बसून कोळसा वाजवून निवडला. घंटेसारखा वाजतो. मोठी शेगडी भरली. दाराखाली गोधडी लावली.

पोर रडायला लागलं. बकुळा म्हणाली, "आई, तू घे ना तिला. मला फार झोप येतेय. डोळे उघडत नाहीत." ही पोरीला घेऊन आमच्या खोलीत गेली. मी दाराला कान लावून बघितलं. बकुळाचा श्वास ऐकू आला, जड, शांत. तिला इतकी गाढ झोप किती दिवसांत लागली नव्हती.

जेवण झालं, हे लिहितो आहे. तिच्या खोलीतून एकही आवाज नाही. देवाची कृपा.

३० डिसेंबर, मंगळवार

बकुळा गेली.

तेवीस तारखेला सकाळी हिनं दार उघडलं. मी अंगणात होतो. हिचा आवाज आला नाही, हातातला तांब्या पडल्याचा आला.

कुशीवर होती. एक हात लेकीच्या जागेवर पसरलेला. चेहरा असा की हाक मारली तर उठेल. गाल लाल, ओठ लाल. बायका म्हणाल्या, सवाष्णीचं तेज बघा. शेगडीत नुसती राख, पांढरीशुभ्र. एक कण कच्चा राहिला नव्हता.

बदलापूरहून बापू आले. माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी त्यांना काय सांगणार? तेरावा दिवस आला आणि घेऊन गेला, एवढंच म्हणालो.

३ जानेवारी १९५३, शनिवार

आज गोजरबाई दारात आली, तिला आत घेतलं नाही. चार माणसांसमोर बोललो की हिनं दार उघडं टाकलं, हिच्यामुळं माझ्या लेकीला वारा लागला. ती उंबऱ्याखाली उभी राहून ऐकत होती. एवढंच म्हणाली, "दादा, तुमच्या घरच्या तिघांना मीच हातात घेतलंय." बकुळा, तिचं पहिलं, आणि आता ही. मग गेली. आळीतल्या दोन घरांनी तिला सांगितलं म्हणे, आमच्याकडं आता येऊ नकोस.

बोलून बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

७ जानेवारी, बुधवार

बारसं झालंच नाही. आम्ही सगळे तिला पोर म्हणतो. शेळीचं दूध पाणी घालून देतात. ही तिला घेऊन आता बकुळाच्या खोलीत झोपते. घरात सगळ्यांत उबदार खोली तीच. आईविना पोर, तिला तरी वारा लागू नये. मोठी शेगडी बाजेखाली ठेवली आहे. पोरीसाठी निवडून कोळसा.

हिचं डोकं दिवसभर दुखतं. रडून रडून दुसरं काय होणार? सकाळी ओकारी झाली. पोर मात्र आता रडत नाही. दिवसभर झोपून असते. शहाणी झाली.

११ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

टेकचंद अम्माला घेऊन भेटायला आला. त्यांनी उशिरा ऐकलं. अम्मा माझ्याशी बोलली नाही, सरळ आत हिच्याजवळ गेली. बाजेजवळ उभी राहिली. वर छताकडं बघितलं. खिडकीच्या ताडपत्रीला हात लावला. मग खाली वाकली आणि शेगडी बघितली.

मला विचारलं, "साईं, हवा किधर से जाती है?"

मी म्हणालो, "जातच नाही. तसंच बांधलंय."

तिनं ओढणीचं टोक दोन्ही हातांना गुंडाळलं, ती जळती शेगडी उचलली आणि सगळ्यांच्या मधून अंगणात नेऊन ठेवली. टेकचंद "अम्मा, अम्मा" करत मागं धावला. ती परत आली, दोन्ही दारं सताड उघडली, पोरीला उचललं आणि हिला म्हणाली, "चल बेटी, बाहर. पहले बाहर, रोना बाद में."

ओटीवर पोरीच्या तळव्यांना ती चोळत बसली. बऱ्याच वेळानं पोर रडली. बारा दिवसांची असताना रडायची तशी, गावभर ऐकू जाईल अशी.

अम्माच्या हाताला फोड आले होते. मी तेल आणायला उठलो तर माझ्याकडं न बघता म्हणाली, "मेरी बहन का घर था. पाँच आदमी. सुबह ऐसे सोये थे, जैसे ईद का चाँद देखके सोये हों, गाल लाल."

मी तिथंच खाली बसलो.

१२ जानेवारी, सोमवार

डॉक्टर कमळाकर कारखान्याच्या दवाखान्यात बसतात. सगळं सांगितलं. डोकेदुखी, ओकारी, उन्हात बरं वाटणं, गाल. ते शेवटी म्हणाले, "आता सिद्ध करता येणार नाही. पण मला शंका नाही. कार्बन मोनॉक्साइड. कोळसा कोंडलेल्या हवेत जळतो तेव्हा होणारा वायू. रक्तात शिरतो आणि रक्ताला हवा घेऊ देत नाही. माणूस झोपतो."

"पण डॉक्टर, माझ्या कोळशाला धूर नाही."

"धुराचा संबंध नाही. हा दिसत नाही. वास येत नाही."

"आवाज?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला. "कसला आवाज, दौलतराव?"

"मग ओळखायचा कसा?"

"एका खोलीतल्या दोघातिघांचं डोकं एकदम दुखलं, आणि बाहेर गेल्यावर थांबलं, तर ओळखायचा. दुसरा उपाय नाही. आधी बाहेर यायचं."

गोजरबाईचं डोकं. बकुळाचं. हिचं. पोरीचं रडणं. सगळं मी ऐकलं होतं. या वहीत माझ्या हातानं लिहिलेलं आहे, मागची पानं उलटून बघितली.

घरी येऊन हिला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग उठली, पोरीचं अंथरूण ओटीवर नेलं. माझ्याशी बोलली नाही.

१८ जानेवारी, रविवार

ही अजून बोलत नाही.

सकाळी शिडी लावली. छताच्या चार फळ्या काढल्या, खिडकीची ताडपत्री फाडली, दाराच्या चौकटीची पट्टी काढली. शेवटी वायव्येचा कोपरा. लांबी दगडासारखी झाली होती. छिन्नी मारली तेव्हा माझ्या अंगठ्याचा ठसा त्यावर दिसला. तो तुकडा फेकवला नाही. खिशात आहे.

दुपारी गोजरबाईच्या झोपडीवर गेलो. ती सुपात तांदूळ निवडत होती. उठली नाही. मी म्हणालो, "गोजरबाई, दोष तुझा नव्हता. माझा होता. ज्या चार माणसांपुढं तुला बोललो, त्यांच्यापुढं जाऊन सांगून आलोय."

ती खडे काढत राहिली. म्हणाली, "वारा बाधतो, हे तुम्हाला मीच सांगितलं होतं दादा. माझ्या आईनं मला सांगितलं होतं."

मग सूप बाजूला ठेवलं आणि पोरीला दूध कुणाचं देता ते विचारलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

वखारीत आता प्रत्येक पोत्याबरोबर सांगतो. शेगडी अंगणात पेटवा. आत घेतली तर एक खिडकी वर आणि दाराची फट खाली उघडी पाहिजे. झोपायच्या आधी बाहेर, कितीही थंडी असो. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बराकींत जाऊनही सांगतो, तिथं लोक गोणपाटाच्या भिंती करून आत निजतात. समोरचा वखारवाला ओरडला, "दौलतराव, हलवाई कधी म्हणतो का, पेढे खाऊ नका?" लोक हसले. मी पण हसलो, सवयीनं. मग पुढच्या पोत्याबरोबर पुन्हा तेच सांगितलं.

टेकचंद माझ्याबरोबर हिंडतो, मला नीट न सांगता आलेलं सिंधीत सांगतो. काही ऐकतात. एका बाईनं तोंडावर दार लावलं. दाराखाली फट होती, बघून घेतली.

२५ जानेवारी, रविवार

बापू आणि माई आले. पोरीला बदलापूरला न्यायचं ठरवून. पुढच्या रविवारी आम्हीच पोचती करायची. त्यांचं लेकरू, हक्क आहे.

माई या खेपेला टोचून बोलल्या नाहीत. हिचा हात हातात धरला. म्हणाल्या, "विहीणबाई, काळजी करू नका. आमची आतली खोली तिन्ही बाजूंनी बंद आहे. पाळण्याखाली शेगडी दिवसरात्र ठेवीन. वाऱ्याची झुळूक लागू देणार नाही." आणि माझ्याकडं वळून, "कोळसा मात्र तुमचाच पाठवा हो. बिनधुराचा."

मी उठून उभा राहिलो. सांगायला तोंड उघडलं. बापू माझ्याकडं बघत होते, ज्या नजरेनं ही वही दिली त्याच नजरेनं. त्यांची बायको माझ्या हातानं गेली, हे त्यांना ठाऊक नाही. माईंना ठाऊक नाही.

म्हणालो, "चहा घ्या."

ते गेले. तेरा दिवसांनी ही पहिल्यांदा बोलली. "परक्यांच्या दारोदार सांगत फिरता. आणि आपल्या माणसांना चहा?"

"मला जमत नाही."

"मग पोरीला घेऊन चला. तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन. पण मग जन्मभर तेच बोलत राहीन."

१ फेब्रुवारी, रविवार. बदलापूर

हे माईंच्या ओटीवर बसून लिहितो आहे.

आतली खोली बघितली. माईंनी खरंच प्रेमानं सजवली होती. पाळण्याला नवी झालर, खिडकीला जाड सतरंजी खिळ्यांनी मारलेली, पाळण्याखाली शेगडी तयार, माझाच कोळसा. माझं आधीचं बोलणंच त्या खोलीत उभं होतं.

माई म्हणाल्या, "बघा दौलतराव, आहे का कुठं फट?"

मी म्हणालो, "माई, बसा. बापू, तुम्हीही बसा."

खिशातून तो लांबीचा तुकडा काढला, जमिनीवर ठेवला. आणि पहिल्यापासून सांगितलं. माईंच्या त्या वाक्यापासून नाही, माझ्या हट्टापासून. सात फटी. आठवी. बकुळा म्हणाली होती, असू द्या. गोजरबाई. अम्मा, जिला मी हसलो. बावीस तारखेची रात्र, मोठी शेगडी, दाराखालची गोधडी. काही गाळलं नाही. ही पोरीला मांडीवर घेऊन बसली होती, खाली मान घालून.

बापू तो तुकडा बघत होते. त्यांनी एकच विचारलं. "तिला कळलं असेल का, मामा?"

"डॉक्टर म्हणतात, नाही. झोपेतच."

"तुम्ही ऐकलं होतं म्हणालात. तिचा श्वास."

"हो. शांत होता."

ते उठून बाहेर गेले. मागच्या वाडीत त्यांचं रडणं ऐकू येत होतं. इतरांना येत नसेल. मला येत होतं. मी कान झाकले नाहीत. तेवढं माझं देणं होतं.

माई मग हळूच म्हणाल्या, "ते पहिल्या खेपेला मी बोलले नसते तर..."

मी म्हणालो, "माई, नको. भरायला हात माझेच होते."

त्यांनी पदर खोचला, शेगडी उचलून मागल्या दारी नेली. परत येऊन सतरंजीचा एक कोपरा ओढला. खिळा निघेना. बापू आत आले होते. त्यांनी डोळे पुसले, दुसरा कोपरा धरला. दोघांनी मिळून ती ओढून काढली. उजेड पाळण्यात पडला. पोरीनं डोळे मिचकावले.

निघताना बापू माझ्या पाया पडले नाहीत. दरवेळी पडतात. पण फाटकापर्यंत आले, आणि म्हणाले, "वही लिहिता ना अजून?"

मी हो म्हणालो.

"लिहा."

१५ फेब्रुवारी, रविवार. अंबरनाथ

घर रिकामं आहे. बदलापूरहून चिठ्ठी आली, पोरीचं वजन भरतं आहे, बारसं केलं, नाव उमा ठेवलं. माईंनी आम्हाला बोलावलं नाही. कळवलं, हेच पुष्कळ.

आज तिसऱ्या प्रहरी उत्तरेचा वारा सुटला. मी ओटीवर बसलो होतो, ही आत गहू निवडत होती. बकुळाच्या खोलीतून शीळ आली. बारीक, लांब. थांबली, परत आली. मी हललो नाही. आत सुपाचा आवाज थांबला होता.

ही दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "तिला आवडायची."

मी म्हणालो, "हो. तिनं सांगितलं होतं."